गाळातला साग

तिवरपाडा, ता. पनवेल
८ नोव्हेंबर २०२४

चि. काशिराम,

आधी आशीर्वाद घे, मग बोलणी खा. ज्यांना भाऊ नाही त्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. मला भाऊ आहे, म्हणून मी चंद्राला तसदी दिली नाही. रिकाम्या पाटाला ओवाळलं आणि करंज्या शेजारी वाटून टाकल्या. तुझा गुडघा, तुझ्या कीर्तीची परीक्षा, मग तिचं लग्न, मग तिचं बाळंतपण, मला सगळं पाठ झालंय. तुझे भावोजी गेले तेव्हा दहाव्याला आलास, त्यानंतर तुझं तोंड दिसलं नाही.

पत्र लिहिते कारण फोनचा आता उपयोग नाही. कानांनी संप पुकारलाय. प्रितेश जहाजावरून व्हिडिओ करतो, त्याचं तोंड हलताना दिसतं, मी हो हो म्हणते. परवा तो बहुतेक विचारत होता की, आई, पाय दुखतो का, आणि मी हसून हो म्हटलं. सून प्रांजल संध्याकाळी मलम घेऊन धावत आली. मोबाइलवरची अक्षरं मुंगीएवढी, तीही दिसत नाहीत. कागदावर मात्र अजून जमतं.

आता कामाचं. खाडीत भराव पडतोय. डंपरची रांग सकाळी लागते ती अंधार होईपर्यंत. उत्तरेकडची तिवरं सगळी गेली. फेब्रुवारीत आपल्या बाजूला येणार म्हणतात. आणि आपल्या बाजूला, तुला आठवत असेल तर, बाबांनी तुझ्या होडीसाठी पुरलेला सागाचा ओंडका आहे. तू दहावीत होतास. ओलं लाकूड गाळात मुरलं की तडकत नाही, त्याला किडा लागत नाही, असं म्हणत बाबांनी आणि तू भर ओहोटीत तो ढकलत नेला होता. सुतार येईल तेव्हा काढू म्हणाले. मग बाबाच गेले, आणि तू मामांच्या ओळखीने कोळशाच्या खाणीत गेलास. ओंडका राहिला तिथेच.

भरावाचं पोकलेन आपला गणूच चालवतो, शिवा तांडेलाचा मुलगा. तो म्हणाला, "मावशे, चालीस वर्सं झाली. आता कुठचा लाकूड? कोलसा झाला असंल त्याचा." मला त्याच्या ओठांवरून तेवढं कळलं. खरं आहे का रे? तू आयुष्यभर कोळसाच काढलास. लाकडाचा कोळसा व्हायला किती वर्षं लागतात?

आणि ओंडक्याची खूण काय होती ते कळव. बाबांनी ती तुला दाखवली. मी मुलगी, मला कोण दाखवणार? पण खरं सांगू, खूण कळवण्यापेक्षा तूच ये. भराव पडला की बाबांच्या हातचं काहीच उरणार नाही, आणि ते एकटीने बघायचं माझ्याच्याने होणार नाही.

तुझी,
मैनाताई


वणी, जि. यवतमाळ
२४ नोव्हेंबर २०२४

ती. मैनाताई,

नमस्कार केला, बोलणीही खाल्ली. दोन्ही पोटभर.

गणूला सांग, चाळीस वर्षांत लाकडाचा कोळसा होत असता तर मला खाणीत उतरावंच लागलं नसतं. आम्ही काढायचो तो कोळसा पंचवीस-सत्तावीस कोटी वर्षांपूर्वीचा. वर्षं म्हटलं, रुपये नाही. तेव्हा आमच्या या रखरखीत वणीत दलदल होती, तुझ्या खाडीसारखीच, फक्त गोड्या पाण्याची. झाडं वाढायची, मरायची आणि त्याच पाण्यात आडवी व्हायची. एरवी पडलेलं झाड कुजून मातीला मिळतं, कारण त्याला हवा लागते आणि हवेबरोबर कुजवणारे बारीक जीव येतात. साचलेल्या पाण्याखाली, गाळात, हवाच नसते. मग झाड पुरतं कुजत नाही. आई लोणच्यावर बोटभर तेल ठेवायची, हवा लागू नये म्हणून. तसं समज.

एका झाडावर दुसरं, पाल्यावर पाला, असे थर साचत गेले. आधी त्याचा काळपट, भुसभुशीत लगदा होतो. मग जमीन खचते, नदी वरून गाळ आणि वाळू आणून टाकते, की तो लगदा खाली दबतो. वरून वजन आणि खालून पृथ्वीची ऊब. त्यातलं पाणी निघून जातं, वायू निघून जातो, लगद्याचा तपकिरी कोळसा होतो, आणि आणखी कित्येक कोटी वर्षांनी आपला काळा दगडी कोळसा. पुरुषभर उंचीचा पाला दबून हातभरसुद्धा कोळसा मिळत नाही. बाबांचा ओंडका अजून त्या वाटेला लागलाही नसेल.

सोबत एक दगड पाठवतोय, पोस्टात फुटला नाही म्हणजे मिळवली. कोळशाच्या थरावर पाटीसारखा दगड असतो, त्यात पानांचे ठसे सापडतात. हे पान आंब्याच्या पानासारखं दिसतं, पण हे झाड आता जगात कुठेही नाही. हा मला निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात मिळाला. तुझ्याकडे राहू दे.

आता खूण. ओहोटीला बांधाच्या उघाडीसमोर, पाणी आत-बाहेर सोडायच्या त्या दारासमोर, चिखलात उतरायचं. उघाडीच्या बरोबर वर कर्नाळ्याचा सुळका दिसला पाहिजे, ही एक रेघ. ती न सोडता मागे मागे जायचं, आणि तांडेलाच्या विहिरीवर देवळाचा कळस आला की थांबायचं. ही दुसरी. दोन्ही जुळतात तिथे पायाखाली ओंडका. बाबांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरून आधी इकडे, मग तिकडे वळवलं होतं. त्यांच्या हाताला जवळ्याचा वास होता, तोही आठवतो.

येण्याचं मात्र कठीण दिसतं. गुडघा आहेच. शिवाय इथे सारखं कोणी ना कोणी येत असतं, खाणीतली जुनी मंडळी, त्यांच्या पोरांची कागदपत्रं. मला सोडत नाहीत.

तुझा,
काशिराम


तिवरपाडा
२० डिसेंबर २०२४

चि. काशिराम,

दगड मिळाला. फुटला नाही, पण पोस्टमनला वाटलं मी मुंबईहून पाटा मागवला. पान अगदी शिरांसकट उमटलंय रे. मी त्यावरून बोट फिरवते तेव्हा इतकं जुनं काही हाताखाली आहे हे पटतच नाही. देवाजवळ ठेवलंय. सून म्हणाली हे काय, मी म्हटलं, काशीमामाने पाठवलेला आंब्याचा टाळ आहे, जरा जुना आहे.

तुझं कोळशाचं सगळं समजलं. लोणच्यावरच्या तेलाचं तर पहिल्यांदाच समजलं. मी ते गणूलाही वाचून दाखवलं. तो दोन घास खाऊन जायला आला होता, तो जेवण विसरून ऐकत बसला.

पण ओंडका नाही मिळाला. तू म्हणालास तसंच केलं. गणू लांब सळई घेऊन उतरला, मी बांधावर उभी. उघाडीवर सुळका आला, विहिरीवर कळस आला. त्याने सळई खुपसली तर नुसता लोण्यासारखा गाळ. चारी बाजूंनी खुपसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी त्याने हात जोडले, "मावशे, नाय हाय ते. गेला ते."

काशिराम, मी स्पष्ट बोलते. तू खूण विसरलास. माणूस घर सोडतो, बहिणीला सोडतो, हे मी समजू शकते. पोटापाण्यासाठी सगळेच जातात. पण बाबांनी डोकं धरून दाखवलेली एवढी एक गोष्ट, तीही तू तिकडच्या काळोखात कुठे टाकून आलास? खूण विसरला नसशील तर मग ओंडकाच कुजला असेल. दोन्हीतलं काय ते मला सांग.

प्रितेश म्हणतो खांदा कॉलनीतल्या फ्लॅटवर राहायला जा. मी चार दिवस राहून आले. प्रांजल चांगली आहे, पण सकाळी जाते ती रात्रीच येते. मी खिडकीत बसून समोरच्या खिडक्या मोजल्या. मग इकडे परत आले. इकडे तरी काय, चिखलात निवट्या मासे पकडायला यायच्या त्या सगळ्या मैत्रिणी एकेक करून गेल्या. वरच्या आळीत भाडेकरू भरलेत, ते मला ओळखत नाहीत. ऐकू येत नाही म्हटल्यावर माणसं दोनदा बोलतात, तिसऱ्यांदा हात हलवून निघून जातात. दिवसातून एकदा कोणाशी तरी बोलावंसं वाटतं, म्हणून मी मोठ्याने स्वतःशीच बोलते. तेही मला ऐकू येत नाही.

तुझ्याकडे माणसांची वर्दळ असते हे वाचून बरं वाटलं. खोटं नाही सांगत, थोडं वाईटही वाटलं.

मैनाताई


वणी
९ जानेवारी २०२५

ती. ताई,

तुझं पत्र खूप दिवस खिशात घेऊन फिरलो. उत्तर तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं.

ओंडका कुजलेला नाही. गाळात त्याच्यापर्यंत हवा पोचत नाही, तर कुजणार कसा? पाण्याच्या वर राहिला असता तर दहा-बारा वर्षांत गेला असता. खाली आहे म्हणून टिकून आहे. तो तिथेच आहे. आणि खूणही मी विसरलेलो नाही. झोपेतून उठवून विचारलंस तरी सांगेन.

आता जे सांगायचं टाळत होतो ते सांगतो. माझ्याकडे वर्दळ नाही. कोणी येत नाही. खाण बंद झाली तशी वसाहत रिकामी झाली. आमच्या खोल्यांच्या रांगेत आता मी एकटाच राहतो, बाकीच्यांची दारंसुद्धा लोकांनी काढून नेली. कीर्ती हैदराबादला, तिचा संसार, तिचं लहान मूल. नळाचं पाणी येतं तेव्हा आवाज होतो, तेव्हा मला बरं वाटतं. तुझं पत्र आलं की मी ते लगेच फोडत नाही, संध्याकाळपर्यंत ठेवतो.

आणि मी आलो होतो, ताई. गेल्या शिमग्याला.

तुला कळवलं नव्हतं. अचानक दारात उभं राहायचं, तू आधी शिव्या देशील, मग रडशील, असं सगळं गाडीत ठरवत आलो. पनवेलला उतरून रिक्षा केली. रिक्षावाल्याने मोठ्या रस्त्यावर सोडलं. मला काहीच ओळखू येईना. तिवरं नाहीत, मिठागरं नाहीत, जिकडेतिकडे तीन मजली घरं आणि पत्र्यांची कुंपणं. मग कळस दिसला. जिवात जीव आला. देऊळ नवीन, फरशीचं झालेलं, पण म्हटलं गावाने हौसेने बांधलं असेल. लहानपणापासूनची सवय, कळसाखाली जायचं, उजवीकडे वळायचं, तिसरं घर आपलं. तसा गेलो. उजवीकडे वळलो तर पत्र्याचं कुंपण, आत कंटेनर रचलेले. पुन्हा देवळाशी आलो, पुन्हा वळलो. पुन्हा कुंपण.

एका पडवीत बाई भाजी निवडत होती. तिला विचारलं, मैनाबाईंचं घर कुठे? ती म्हणाली, "हम तो भाडे पे रहते है." आणखी एकाला विचारलं, त्याला माहीत नव्हतं. मला वाटलं, आपलं घर कंटेनरखाली गेलं आणि ताईने आपल्याला कळवलंही नाही. मग वाटलं, कळवलं असेल, आपल्यालाच आठवत नसेल. आयुष्यभर जमिनीखाली टोपीवरच्या एका दिव्यावर चाललो, कधी वाट चुकलो नाही. आणि स्वतःच्या गावात, भर दुपारी, मला माझं घर सापडलं नाही. फोन करून तुला ऐकू येणार नव्हतं. प्रितेशला केला असता तर म्हणाला असता मामाला आता एकटं सोडू नका, आणि कीर्तीच्या जिवाला घोर लागला असता.

पनवेलच्या एस.टी. स्टँडवर संध्याकाळपर्यंत बसलो. हातात तुझ्यासाठी संत्र्याची बर्फी होती, ती शेजारच्या मुलाबाळांना देऊन टाकली. परत आल्यावर दहा दिवसांनी तुझं पत्र आलं, त्यावर तोच पत्ता होता. म्हणजे घर होतं. मीच हरवलो होतो. ते लिहायची लाज वाटली. गुडघा दुखतो हे खरं, पण त्यानंतर न येण्याची दिलेली कारणं सगळी खोटी आहेत.

मला आता यायची भीती वाटते, ताई. पुन्हा सापडलं नाही तर?

काशिराम


तिवरपाडा
२६ जानेवारी २०२५

अरे वेड्या,

तुझं पत्र वाचून मी आधी रडले, मग कपाळावर हात मारून घेतला, मग पदर खोचून तशीच गणूच्या घरी गेले.

देऊळ हललं, काशिराम! नवा रस्ता जुन्या देवळावरून गेला. गावाने देव उचलून पुढच्या आळीत नवं देऊळ बांधलं, त्याला आठ वर्षं झाली. तुझ्या भावोजींनंतर तू आलाच नाहीस, तुला कुठून कळणार? आणि मी तुला लिहिलं नाही, कारण मी रोज तिथे दिवा लावते, माझ्यासाठी देऊळ म्हणजे तेच. जुनं कुठे होतं हे माझ्या डोक्यातून साफ गेलं. तू कळस म्हणालास, मी नव्या कळसाकडे बघितलं, गणूनेही नव्याकडेच बघितलं. आणि तू माणूस खूण पक्की धरून चालणारा, म्हणून तूच चुकलास. दुसरा कोणी असता तर चार गल्ल्या भटकून पोचला असता.

गेल्या शिमग्याला मी कुठे होते सांगू? पडवीत. पुरणपोळ्या करून एकटी बसले होते, कारण प्रांजलला सुट्टी नव्हती. तू पलीकडच्या गल्लीत माझं नाव घेऊन विचारत होतास, आणि मला ऐकू आलं नाही. कान चांगले असते तर तुझा आवाज मी ओळखला असता. हे माझ्या मनातून मरेपर्यंत जाणार नाही.

असो. जुन्या देवळाची दीपमाळ रस्त्याच्या कडेला अजून उभी आहे. ती कळसाच्या बरोबर समोर होती. गणूने तिला लांब बांबू बांधला, टोकाला माझ्या जुन्या लुगड्याचा लाल तुकडा. मग आम्ही ओहोटीला उतरलो. या वेळी मीही उतरले, गुडघ्यापर्यंत. गणू नको नको म्हणत होता ते मला ऐकू आलं नाही, कान गेल्याचा एवढा एक फायदा. उघाडीवर सुळका घेतला. मागे मागे गेलो. विहिरीवर लाल तुकडा आला. गणूने सळई खुपसली आणि त्याचा चेहराच बदलला. माझा हात धरून त्याने सळईवर ठेवला. सळई खाली कशावर तरी थडकत होती. मला ते हातात ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी त्याने पोकलेन आणलं. पट्टा बांधून ओढलं, तेव्हा गाळाने आधी सोडेचना, मग मोठा बुडबुडा आला आणि ओंडका वर आला. बाहेरून काळाकुट्ट, कोळसाच म्हण. गणू माझ्याकडे बघून हसला, सांगितलं नव्हतं का म्हणून. मी म्हटलं, कुऱ्हाड मार. एक ढलपी काढली तर आत पिवळसर सोनेरी लाकूड. आणि वास आला, काशिराम. सागाचा. बाबा रंधा मारायचे तेव्हा यायचा तोच. नाक अजून शाबूत आहे माझं. मी तिथेच चिखलात बसून घेतलं.

लाकडाची होडी आता कोणी बांधत नाही, गावात सुतारही उरला नाही. म्हणून मी ठरवलं ते केलं. ओंडका आपल्या गल्लीच्या तोंडावर, मोठ्या रस्त्याला लागून आडवा टाकलाय. धुतलेला आहे. काळा आहे तसाच ठेवलाय आणि त्यावर गणूकडून चुन्याने हातभर अक्षरांत लिहून घेतलंय, काशिराम. भाडेकरूसुद्धा आता विचारतात हा काशिराम कोण. मी सांगते, माझा भाऊ, येणार आहे.

आता तुझी नवी खूण नीट वाच. पनवेलला उतर. रिक्षावाल्याला सांग, तिवरपाड्याच्या रस्त्यावर काळा ओंडका पडलाय तिथे सोड. कळसाकडे अजिबात बघू नकोस. देव समजून घेईल. तुझं नाव दिसलं की त्याला लागून आत वळायचं, तिसरं घर. मी दारात नसेन. मी ओंडक्यावरच बसलेली असेन.

भराव पुढच्या महिन्यात येतोय. येऊ दे. तू ये.

मैनाताई


वर्धा स्टेशन
६ फेब्रुवारी २०२५

ती. ताई,

खोलीची किल्ली शेजारी द्यायला कोणी नव्हतं, म्हणून बरोबरच आणली. गुडघ्याचं औषध आणि संत्र्याची बर्फी पिशवीत आहे. गाडी यायला वेळ आहे, म्हणून फलाटावर बसून हे लिहितोय. इथेच पेटीत टाकतो.

हे पत्र तुला मी पोचल्यावरच मिळेल. पोस्टमन येईल तेव्हा आपण दोघं ओंडक्यावर असू. तुला ऐकू येत नाही, तेव्हा मी बोलणार नाही. तू वाच, मी शेजारी बसतो.

काशिराम